टेस्टिंगचं

हेडाऊच्या दुकानाला पाटी नाही.
तांडापेठेत, पीठगिरणीला लागून एक शटर,
त्यावर खडूनं लिहिलेला मोबाईल नंबर,
शेवटचा आकडा पुसलेला.

मी म्हटलं, बेस वाढवून द्या.
सेकंडहँड वॅगन-आर. आधीच्या मालकानं
डिकीत हा एवढा डबा बसवलेला,
तरी आवाज कसा, तर
रिकाम्या पिंपावर टिचकी मारावी तसा.
मोठा वूफर लागेल ना?

मे महिना. पारा सेहेचाळीस.
दाराचा पत्रा धरायला त्यानं
ओला दुपट्टा हाताला गुंडाळला.
गाणं लावलं, पण ऐकलं नाही;
दाराला आतून तळवा टेकवून बसला,
पोराचा ताप पाहावा तसा.

"बेस कमी नाही जी म्याडम. सांडून रायला."

आतलं पॅनेल निघालं. पत्र्याला भोकं,
माझा पंजा सहज जाईल एवढी.
"मागचा वारा पुढं येते, पुढचा मागं जाते,
दोघं एकमेकाले खाऊन टाकतात."
काळी डांबरी चादर कापून
भोकं बुजवत, रोलरनं दाबत गेला.
एरवी म्हणे हीटगन लागते,
आपल्या नागपुरात मे महिन्यात ऊन फुकट.

मग डाव्या दाराच्या वायरी.
उलट्या. प्लसला मायनस.
उजवा पडदा बाहेर यायचा
तेव्हा डावा आत जायचा.
बावीस वर्षं मी नववीला गणित शिकवते.
अधिक एक, उणे एक.
फळ्यावर इतकी शून्यं काढली,
त्यांचा आवाज असा पातळ असेल
हे डोक्यात आलं नव्हतं.

डब्याचं तोंड सीटकडून फिरवून
मागच्या दाराकडे केलं.
ऐंशीच्या वरचं सगळं त्याच्यापासून तोडलं.
"गाण्यातलं वरचं याले नका देऊ.
हा खालचं काम करणारा माणूस आहे."
आणि गेन?
तो तर त्यानं कमीच केला.

शेवटी खिशातून पेनड्राइव्ह काढला,
त्याला जांभळा रेशमी धागा बांधलेला.
मला वाटलं, आता डीजे.

खट्. धप्प.
खट्. धप्प.
मधे कोणीतरी खोकलं.
लांब कुठं कुकरची शिट्टी.
खट्. आणि पुन्हा तो धप्प
चपलेच्या तळव्यातून वर आला,
मांडीवरच्या पर्समध्ये किल्ल्या हलल्या.

हे काय आहे?

"टेस्टिंगचं आहे जी."

व्हॉल्यूम एक काटा खाली घेतला.
पुन्हा वर नेला.

"बाबाचा माग. खड्ड्याचा.
पाय खड्ड्यात सोडून बसे बुढा.
विकाच्या आदल्या दिवशी मोबाईलमध्ये घेतलं.
मोबाईलवर नुसती खट्‌खट् येते.
खालचं ऐकाले गाडी लागते."

थोडं थांबून, दार लावत:

"तुमच्या गाडीत खड्डा चांगला झाला."

साडेतीन हजार झाले. मी तीन दिले.
सवयीनं. त्यानंही सवयीनं घेतले
आणि धागा बोटाला गुंडाळत आत गेला.

पाचपावलीच्या पुलावर मी रेडिओ लावला.
निवेदक पोरगा टरबुजांचे भाव सांगत होता
आणि पहिल्यांदाच त्याला छाती होती.

मागची नंबरप्लेट मात्र खुळखुळते.
स्पंज लावून देतो म्हणाला होता,
या कधीपण, पैसे नाही लागत.

शनिवारी शाळा सुटली की जाईन.
पाचशेची एक नोट
गणिताच्या वहीत वेगळी ठेवली आहे.